शेतातील इंजिन आणि समुद्राचे पाणी : पिंपरी-चिंचवडच्या यंत्रोद्योगाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित धागा

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या औद्योगिकीकरणाचा इतिहास सांगताना पिंपरी-चिंचवड परिसराचा उल्लेख अटळ ठरतो. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. हे टप्पे सर्वपरिचित आहेत. या परिसराचा इतिहास आजवर प्रामुख्याने भांडवल गुंतवणूक, रोजगार, स्थलांतर, कामगार चळवळ आणि नागरीकरण या अंगांनी लिहिला गेला. या सर्व लेखनाचे मोल मान्य करूनही एक उणीव नोंदवावीशी वाटते. आपला औद्योगिक इतिहास बहुधा कारखान्याच्या फाटकापाशी येऊन थांबतो. फाटकाबाहेर पडलेले यंत्र पुढे कोठे गेले, कोणाच्या हाती पडले आणि ते चालू ठेवण्यासाठी कोणाला काय करावे लागले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका अत्यंत लहान यंत्रभागाच्या निमित्ताने विचारला आहे. बोटीच्या आत बसविलेल्या, म्हणजेच इनबोर्ड, डिझेल इंजिनाला थंड ठेवण्यासाठी बाहेरील पाणी खेचून घेणारा पंप हा तो भाग होय. कोकण किनाऱ्याच्या संदर्भात त्याला ‘खाऱ्या पाण्याचा पंप’ असे म्हणता येईल. हा पंप ओंजळीत मावेल एवढा असतो. इंजिनाच्या किमतीच्या मानाने त्याची किंमत नगण्य असते. परंतु तो बंद पडला तर काही मिनिटांत इंजिन तापते आणि बोट भर समुद्रात निराधार होते. जमिनीवर जन्मलेले इंजिन समुद्राला प्रत्यक्ष जेथे भिडते ती सीमारेषा म्हणजे हा पंप. या सीमारेषेचा इतिहास हा पुणे-पिंपरी-चिंचवडचा यंत्रोद्योग आणि कोकणातील मच्छीमार समाज यांच्यातील संबंधांचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) पुणे परिसरातील डिझेल इंजिन उद्योगाची घडण आणि शेतीतील पाणी उपसा यांचा संबंध तपासणे.
२) हे इंजिन समुद्रावर गेल्यानंतर शीतलनाच्या प्रश्नाचे स्वरूप कसे बदलले ते पाहणे.
३) खाऱ्या पाण्याच्या पंपाची निवड व देखभाल यांमागील ज्ञान कोणाचे होते, याचा विचार करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उद्योगसंस्था व शासकीय संस्था यांच्या ज्ञात इतिहासाबरोबरच यंत्राची रचना आणि त्यावरील झीज यांनाही ऐतिहासिक साधन मानले आहे. ताम्रपट किंवा दफ्तरातील कागद जसा वाचावा लागतो, तसाच झिजलेला पंपही वाचता येतो, ही या पद्धतीमागील धारणा आहे. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या अंगाने न लिहिता वापराच्या व देखभालीच्या अंगाने लिहावा, असा आग्रह धरला आहे. तो आग्रह येथे मार्गदर्शक ठरला आहे.

विहिरीभोवती घडलेले इंजिन :

पश्चिम महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाची मुळे शेतीत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानच्या मुलखात किर्लोस्करवाडीची उभारणी केली. लोखंडी नांगर आणि उसाचा चरक यांपासून सुरू झालेला हा प्रवास १९२६ मध्ये केंद्रोत्सारी पंपापर्यंत पोहोचला. पुढे शंतनुराव किर्लोस्कर (१९०३–१९९४) यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. चिंचवड येथे रस्टन अँड हॉर्नस्बी (इंडिया) या कंपनीचा डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. इंग्लंडमधील लिंकनच्या मूळ कंपनीचे नाव घेऊन आलेली ही इंजिने ‘रस्टन’ या सुटसुटीत नावाने महाराष्ट्रात ओळखली गेली. १९६२ मध्ये कोथरूड येथे किर्लोस्कर कमिन्सची भर पडली. अशा रीतीने मुळा-मुठा आणि पवनेच्या खोऱ्यात डिझेल इंजिनांची एक परंपरा स्थिरावली.

या परंपरेतील लहान इंजिनांचा मुख्य ग्राहक शेतकरी होता, ही बाब महत्त्वाची आहे. ग्रामीण भागात वीज पोहोचण्यापूर्वी मोटेची जागा घेतली ती ऑइल इंजिन व पंप यांच्या जोडीने. या जोडीत इंजिन पंप चालवीत असे आणि पाणी हे त्या श्रमाचे फलित असे. तथापि त्याच पाण्याचा दुसराही उपयोग होता. अनेक ठिकाणी पंपाच्या उपसा नळातून एक लहान फाटा काढून ते पाणी इंजिनाच्या सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरविले जाई आणि नंतर पाटात सोडून दिले जाई. दुसरी पद्धत इंजिनाशेजारी पाण्याचे पिंप ठेवून त्यातले पाणी नैसर्गिक अभिसरणाने फिरू देण्याची होती. विहिरीचे पाणी तुलनेने थंड व गोडे असल्यामुळे हा व्यवहार निर्धोक होता. फार तर क्षारांचा पातळ थर बसे, तो वर्षा-दोन वर्षांनी खरवडून काढता येई.

याचा अर्थ असा की, बाहेरचे पाणी थेट इंजिनात घेऊन ते थंड करण्याची कल्पना आपल्या शेतकऱ्याला व फिटरला परकी नव्हती. फूट व्हॉल्व्ह कचऱ्याने तुंबला की पंप पाणी सोडतो, पंपात हवा राहिली की तो पाणी ओढत नाही, ही समज खेडोपाडी रुजलेली होती. कोकण किनाऱ्यावर जेव्हा इंजिन गेले तेव्हा त्यामागे ही समजही गेली. बदलले ते केवळ पाणी. परंतु तेवढ्या एका बदलाने सारे गणित बदलले.

कोकण किनाऱ्यावरील यांत्रिकीकरण :

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मासेमारी बोटींचे यांत्रिकीकरण हा जागतिक धोरणाचा विषय झाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५३ मध्ये मासेमारी बोटींविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. भारतात १९५२ मध्ये भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळातील कोल्लमजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. १९५७ मध्ये कोची येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. पंचवार्षिक योजनांमधून मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत कर्ज व अनुदान देऊन बोटींवर इंजिने बसविण्याचे धोरण राबविण्यात आले.

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे. सातपाटी, वर्सोवा, करंजा, हर्णे, रत्नागिरीचे मिरकरवाडा, मालवण ही त्यावरील प्रमुख मासेमारी केंद्रे होत. या किनाऱ्यावर शिडाच्या जोडीला आणि पुढे शिडाच्या जागी डिझेल इंजिन आले. किर्लोस्कर, रस्टन आणि चेन्नईच्या अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिने ही नावे मच्छीमारांच्या बोलण्यात रुळली. यांपैकी पहिली दोन नावे थेट पुणे परिसराशी निगडित आहेत. घाटमाथ्यावर तयार झालेले इंजिन घाट उतरून बंदरावर गेले आणि तेथे त्याला नवा मालक, नवे हवामान आणि नवे पाणी मिळाले.

या घटनेची नोंद आपल्याकडे अश्वशक्ती, अनुदानाची रक्कम आणि यांत्रिक बोटींची संख्या या तीन आकड्यांत होते. इंजिन बसविल्याची नोंद सापडते. ते पुढे दहा-पंधरा वर्षे कसे चालले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते.

पाणी बदलले, पंप बदलला :

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी सिलिंडरभोवती थेट फिरविले तर दोन संकटे ओढवतात. पहिले गंजाचे. ओतीव लोखंड खाऱ्या पाण्यात आतून पोखरले जाते. दुसरे क्षारांच्या थराचे. पाणी साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यातील चुन्याचे क्षार बाहेर पडून धातूवर घट्ट बसू लागतात आणि उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग अडतो. त्यामुळे थेट समुद्रजलावर चालणारे इंजिन मुद्दाम थंड चालवावे लागते. तसे केले तर इंधनातील गंधकापासून तयार होणारे आम्ल सिलिंडरच्या थंड भिंतींवर साचून झीज वाढते. थोडक्यात, विहिरीवर जी पद्धत सोयीची होती तीच समुद्रावर इंजिनाचे आयुष्य दोन्ही बाजूंनी कमी करणारी ठरली.

यावर दोन उपाय पुढे आले. पहिला उपाय हीट एक्स्चेंजरचा. यात इंजिनाभोवती गोडे पाणीच फिरते. ते पाणी एका नळकांड्यातील बारीक नळ्यांच्या समूहापाशी येऊन समुद्राच्या पाण्याला आपली उष्णता देते. खारे पाणी लोखंडापर्यंत पोहोचतच नाही, ते तांबे-निकेलच्या नळ्यांतून जाऊन परत समुद्रात पडते. दुसरा उपाय बोटीच्या तळाला बाहेरून नळ्या बसवून त्यांतून गोडे पाणी फिरविण्याचा. यात इंजिनापुरता खाऱ्या पाण्याचा पंप लागतच नाही. परंतु कोकणातील खाड्यांत ओहोटीला बोटी चिखलावर वा वाळूवर बसतात. अशा वेळी तळाच्या नळ्यांना धक्का लागण्याचा संभव असतो. म्हणजे शीतलनाची पद्धत ठरविताना केवळ इंजिन पाहून भागत नाही, बंदरही पाहावे लागते.

पंपांच्या रचनेतही स्थित्यंतर झाले. जुन्या संथगती सागरी इंजिनांवर दट्ट्याचे पंप असत. ते मजबूत असले तरी त्यांच्या झडपांत कचरा अडकला की पाणी थांबे. १९३१ मध्ये अमेरिकेत निओप्रीन हे कृत्रिम रबर जाहीर झाले. तेल व खारे पाणी यांना नैसर्गिक रबरापेक्षा अधिक टिकणाऱ्या या पदार्थामुळे लवचीक रबरी पात्यांचा पंप व्यवहार्य झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो सर्वत्र पसरला. याची रचना साधी आहे. गनमेटलच्या गोल घरात रबरी पात्यांचे चक्र, म्हणजे इम्पेलर, फिरते. घराच्या एका बाजूला आतून उंचवटा असतो. त्या उंचवट्याशी पाती वाकतात तेव्हा त्यांमधील जागा आक्रसून पाणी बाहेर ढकलले जाते. उंचवटा ओलांडून पाती पुन्हा सरळ होतात तेव्हा जागा वाढून पाणी आत ओढले जाते. त्यामुळे हा पंप नळातील हवा स्वतःच बाहेर काढतो, त्यात आधी पाणी भरावे लागत नाही. शेतावरच्या केंद्रोत्सारी पंपात आणि यात हाच मूलभूत फरक आहे.

मात्र या गुणाची किंमत मोजावी लागते. रबरी पात्यांना वंगण मिळते ते पाण्याचेच. पाणी नसताना पंप फिरला तर घर्षणाने पाती अल्पावधीतच जळतात व तुटतात. गढूळ पाण्यातील वाळू त्यांना झिजविते. केंद्रोत्सारी पंपाला गाळाचा त्रास तुलनेने कमी, पण तो जलरेषेच्या खाली बसवावा लागतो, अन्यथा तो पाणी ओढत नाही. खोल, स्वच्छ पाण्यात दूरवर जाणाऱ्या बोटीची गरज वेगळी आणि गाळाने भरलेल्या खाडीतून रोज ये-जा करणाऱ्या बोटीची गरज वेगळी. एकच पंप दोघींना सारखाच लागू पडेल असे नाही.

निवडीचा आणखी एक निकष भूगोलाशी निगडित आहे. सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालताना शीतलनाच्या पाण्यात ढोबळमानाने ६० किलोवॉट उष्णता सोडते असे मानले आणि पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे ठरविले, तर दर मिनिटाला सुमारे ९० लिटर समुद्रजल लागते. आता समजा, बाहेर पडणारे पाणी ५० अंशांच्या आत ठेवायचे आहे. उत्तर युरोपातील १० अंशांच्या समुद्रात ४० अंशांची सवलत मिळते. एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्राचे पृष्ठजल ३० अंशांच्या आसपास असते. तेथे सवलत उरते ती २० अंशांची. तेवढीच उष्णता वाहून नेण्यासाठी दुप्पट पाणी लागते. थंड समुद्रासाठी मापलेला पंप येथे तोकडा पडू शकतो तो यामुळे. यांत्रिकीकरणाच्या पहिल्या पर्वात आराखडे, सल्लागार आणि इंजिनांचे मूळ नमुने बहुतांशी युरोपातून आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘तंत्रज्ञानाचे हस्तांतरण’ हा शब्दप्रयोग किती अपुरा आहे हे ध्यानात येते. यंत्र हस्तांतरित होते, समुद्राचे तापमान होत नाही.

झिजलेला पंप : एक ऐतिहासिक साधन :

वापरून काढून टाकलेला पंप हाती घेतला तर त्यावर त्याच्या कारकिर्दीच्या खुणा स्पष्ट दिसतात. या खुणांचा अर्थ लावणे हे देखभालीचे पहिले शास्त्र होय, आणि इतिहासकारालाही ते उपयोगी आहे.

इम्पेलरची पाती मुळापाशी तुटलेली व कडा जळून चकाकणाऱ्या असतील, तर पंप कोरडा फिरला आहे. एक तर बुडाचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला, अथवा गाळणी पिशवीने किंवा शेवाळाने तुंबली. अशा वेळी नवा इम्पेलर बसविणे पुरेसे नसते. तुटलेले तुकडे पुढे वाहत जाऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. ते मोजून, जुळवून, सगळे बाहेर काढल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. तुकडा राहिला तर नव्या इम्पेलरनंतरही इंजिन तापतच राहते आणि दोष भलत्याच भागावर येतो.

पंपाच्या झाकणावर आतून वर्तुळाकार चरे असतील, तर वाळूमिश्रित पाणी गेले आहे. पाती व झाकण यांतील फट वाढल्यामुळे पंपाची ओढ कमी होते. अशा वेळी झाकण घासून सपाट करणे किंवा बदलणे हा उपाय आहे. पितळी भागावर तांबूस, सच्छिद्र डाग असतील, तर खाऱ्या पाण्याने पितळातील जस्त निघून गेले आहे आणि तो भाग दिसतो तेवढा मजबूत राहिलेला नाही. म्हणूनच पंपाचे घर पितळाऐवजी गनमेटलचे असावे लागते आणि हीट एक्स्चेंजरमध्ये जस्ताची कांडी बसवावी लागते. ती कांडी स्वतः झिजून इतर धातूंना वाचविते. कांडी झिजली नसेल तर समाधान मानण्याचे कारण नाही. ती धातूला नीट टेकलेली नसण्याचा संभव अधिक असतो.

पंपाच्या घराखाली, पाण्याचे सील व तेलाचे सील यांच्या मध्ये, एक बारीक छिद्र ठेवलेले असते. तेथून पाणी ठिबकू लागले तर पाण्याचे सील गेले, तेल ठिबकू लागले तर तेलाचे सील गेले. हे ठिबकणे ही आगाऊ सूचना असते. ते छिद्र कोणी एम-सील लावून बुजविले तर खारे पाणी बेअरिंगमध्ये आणि गिअरने चालणाऱ्या पंपात थेट इंजिनाच्या तेलात शिरते. गळती थांबविल्याचे समाधान इंजिनाच्या जिवावर उठते.

पाती एकाच बाजूला वाकून तशीच घट्ट झाली असतील, तर बोट दीर्घकाळ बंद होती आणि इम्पेलर काढून ठेवलेला नव्हता. यात किनाऱ्याचे ऋतुचक्र उमटलेले दिसते. पावसाळ्यात कोकणात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मासेमारीला आरंभ करण्याची परंपरा आहे. केंद्र शासनाच्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ ठरविण्यात आला आहे. देखभालीचे कॅलेंडर या ऋतुचक्राशी जोडले गेले. बंदीकाळात इम्पेलर काढून ठेवणे, पंप गोड्या पाण्याने धुणे, सील व बेअरिंग तपासणे, होज पाइप चेपत नाहीत ना ते पाहणे, आणि हंगामाच्या आरंभी नवा इम्पेलर व गॅस्केट बसवून जुना सुस्थितीतील इम्पेलर सुटा भाग म्हणून बोटीवर ठेवणे, ही त्यातील मुख्य कामे होत. कारखान्याच्या पुस्तिकेत देखभाल इंजिनाच्या तासांत मोजलेली असते. किनाऱ्यावर ती पौर्णिमा-अमावास्येने व पावसाने मोजली जाते. दोन्ही पद्धतींचा मेळ घालणे हेच फिटरचे कौशल्य.

दुरुस्तीचे ज्ञान कोणाचे ? :

येथे ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न उपस्थित होतो. पिंपरी-चिंचवडच्या परिसरात सागरी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण अपरिचित नव्हते. समुद्रापासून दूर, लोणावळ्याच्या डोंगरावर, १९४५ पासून नौदलाची ‘शिवाजी’ ही अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था कार्यरत आहे. मासेमारीच्या क्षेत्रात मुंबई येथे १९६१ मध्ये केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, तर कोची येथे १९६३ मध्ये बोटीवरील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय स्थापन झाले. या संस्थांचे कार्य मोलाचे आहे.

तथापि बंदरावरील प्रत्यक्ष दुरुस्तीचा मोठा भाग या औपचारिक चौकटीबाहेर घडला. बोटीवर तांडेल, खलाशी आणि इंजिन सांभाळणारा ड्रायव्हर असतो. किनाऱ्यावर लेथ मशीन असलेला वर्कशॉपवाला आणि सुट्या भागांचा दुकानदार असतो. कंपनीची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असे. कानाला कळणारा फरक मात्र भाषेवर अवलंबून नव्हता. बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली, तिचा आवाज बदलला, हाताला पाणी नेहमीपेक्षा कढत लागले की पंपाकडे पाहायचे, हे ज्ञान पाहून आणि करून मिळविलेले होते. १९९१ पूर्वीच्या आयात-परवान्यांच्या काळात परदेशी सुटे भाग मिळणे सोपे नव्हते. अशा परिस्थितीत शाफ्टवर झीज झालेली जागा वेल्डिंगने भरून पुन्हा लेथवर उतरविणे, बाजारात मिळेल त्या मापाचे ऑइल सील बसेल असे घर करून घेणे, ही कामे म्हणजे निव्वळ ‘जुगाड’ नव्हती. ती अपुऱ्या साधनांनी केलेली पुनर्रचना होती. त्या पुनर्रचनेला मर्यादाही होत्या. स्वस्त रबराचा इम्पेलर हंगामाच्या मध्यावर दगा देऊ शकतो, आणि मूळ मापात केलेला लहानसा बदल पाण्याचा प्रवाह घटवू शकतो. या ज्ञानाचा गौरव करताना त्यातील धोका झाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. मासेमारीत अनेक ठिकाणी वाट्याची पद्धत असते. डिझेल, बर्फ व इतर खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नात मालक व खलाशी यांचे हिस्से ठरतात. इंजिन तापून फेरी वाया गेली तर तोटा केवळ मालकाचा होत नाही, खलाशाच्या घरी येणारा वाटाही बुडतो. वादळी हवेत, खडकाळ किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडले तर प्रश्न वाट्याचा न राहता जिवाचा होतो. त्यामुळे हंगामाच्या आरंभी इम्पेलर बदलायचा की आणखी एक वर्ष ढकलायचे, हा वरकरणी तांत्रिक वाटणारा निर्णय वस्तुतः जोखीम कोणी उचलायची याचा निर्णय असतो. खर्च एकाने वाचवायचा आणि धोका सर्वांनी पत्करायचा, अशी ही रचना आहे.

चाकण पर्व आणि दुरावलेले पाणी :

१९९० नंतर पुणे परिसराच्या उद्योगाचे केंद्र हळूहळू चाकणच्या दिशेने सरकले. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तेथे सुरू झाला. या पर्वाचे प्रातिनिधिक उत्पादन शेतावरचे इंजिन नसून मोटार व दुचाकी हे आहे. आधुनिक मोटारीत शीतक द्रव बंदिस्त असतो. पाण्याचा पंप इंजिनात दडलेला असतो आणि तो कोठे आहे हे मालकाला माहीत असण्याचे कारण उरत नाही. देखभाल ही वापरणाऱ्याकडून अधिकृत सेवा केंद्राकडे गेली.

बोटीच्या बाबतीत मात्र हे घडू शकत नाही. इंजिन कितीही आधुनिक असो, त्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असो वा तापमानाची घंटा असो, समुद्राचे पाणी बाहेरूनच घ्यावे लागते. त्या पाण्याबरोबर वाळू, शेवाळ, प्लॅस्टिकची पिशवी आणि क्षार येणारच. भर समुद्रात सेवा केंद्र नसते. घंटा वाजल्यानंतर झाकणाचे स्क्रू सोडून इम्पेलर बदलणारा हात बोटीवरच असावा लागतो. ज्या औद्योगिक पट्ट्याने एके काळी शेतकऱ्याला पंप उघडायला शिकविले, त्याच पट्ट्यातील नव्या उत्पादनसंस्कृतीने यंत्र न उघडण्याची सवय लावली. कोकणचा इंजिन ड्रायव्हर या दोन संस्कृतींच्या सांध्यावर उभा आहे.

निष्कर्ष :

१) पुणे-पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान डिझेल इंजिनाची घडण शेतीतील पाणी उपशाच्या गरजेतून झाली. बाहेरच्या पाण्याने इंजिन थंड करण्याची पद्धत आणि तिची समज येथूनच किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

२) शेतात पंप हे इंजिनाचे कार्य होते, बोटीत पंप ही इंजिनाच्या अस्तित्वाची अट झाली. या उलटापालटीमुळे एका दुय्यम भागाला मध्यवर्ती महत्त्व प्राप्त झाले.

३) खाऱ्या पाण्याच्या पंपाची योग्य निवड अश्वशक्तीच्या आकड्याने होत नाही. समुद्राचे तापमान, खाडीतील गाळ, भरती-ओहोटी, पंपाची जलरेषेच्या संदर्भातील जागा आणि धातूची जात हे सर्व घटक विचारात घ्यावे लागतात.

४) देखभालीचे ज्ञान कारखाना व शिक्षणसंस्था यांच्याइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक, बंदरावरील कारागिरांनी घडविले. ते लिखित नसल्यामुळे औद्योगिक इतिहासात त्याला स्थान मिळाले नाही.

५) देखभालीचा खर्च आणि तिच्या अभावाचा धोका यांची वाटणी विषम आहे. यांत्रिकीकरणाच्या यशापयशाचे मूल्यमापन करताना हा मुद्दा वगळता येणार नाही.

यांत्रिकीकरणाच्या आरंभीच्या दशकांत किनाऱ्यावर काम शिकलेली पिढी आज वृद्धापकाळात आहे. तिच्याजवळच्या वह्या, दुरुस्तीची बिले, भंगारात जाण्याच्या वाटेवर असलेली पंपांची घरे आणि तिच्या आठवणी ही या इतिहासाची साधने आहेत. ती भंगाराच्या भट्टीत गेली की पुन्हा उपलब्ध होणार नाहीत. घाटाच्या वर असलेल्या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालये आणि घाटाखालील किनाऱ्यावरील महाविद्यालये यांनी इतिहास, अर्थशास्त्र व अभियांत्रिकी या विभागांच्या सहकार्याने ही साधने गोळा करण्याचे काम हाती घ्यावे, अशी सूचना येथे नम्रपणे करावीशी वाटते. यंत्र कोणी बनविले हे आपण बऱ्यापैकी लिहून ठेवले आहे. ते कोणी चालू ठेवले, हे लिहावयाचे अद्याप राहिले आहे.